वाहुळे मॅडमची जीप

आमच्या गाडीत पुढच्या सीटवर कोणी बसायचं, हा प्रश्न वाहुळे मॅडम येईपर्यंत कुणाला पडलाच नव्हता. ती जागा देशमुख सरांची. जालन्याहून रोज सकाळी आम्ही पाच शिक्षक महिनेवारी ठरवलेल्या एका भाड्याच्या गाडीनं मंठ्याच्या बाजूला शिकवायला जायचो. याला आमच्याकडे अप-डाउन म्हणतात. शिक्षकानं शाळेच्या गावीच राहावं असा नियम आहे, तो आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि तो पाळणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. गाडीचे नियम मात्र कडक. पुढं देशमुख सर, मधे पुरुष, मागं बायका. आणि शाळेची घंटा झाली म्हणून गाडी निघत नसे, गाडी निघायची असे म्हणून घंटा होई.

वाहुळे मॅडम आमच्या, म्हणजे देशमुख सरांच्या आणि माझ्या, जांभळी वस्तीच्या शाळेवर हेडमास्तर म्हणून बदलून आल्या. पहिल्याच दिवशी पुढचं दार उघडून त्या सरळ देशमुख सरांच्या जागी बसल्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी आणि पायात पोरांचे घालतात तसले कॅनव्हासचे बूट.

"मॅडम, ती माझी जागा आहे," सर म्हणाले.

मॅडम उठल्या, सीट पाहिली, सीटखाली पाहिलं, दाराच्या आतली बाजूही पाहिली. "नाव कुठं दिसून न्हाई राह्यलं, सर," म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. "जय भीम."

"हं हं," देशमुख सर म्हणाले आणि मागच्या दाराकडे गेले. मॅडम रोज खणखणीत जय भीम घालायच्या आणि सर रोज "हं हं" करायचे. त्या "हं हं"चा अर्थ कळायला काही मोठी अक्कल लागत नाही. मॅडमना तो कळत होता, म्हणून तर त्यांचा आवाज रोज थोडा चढत होता.

आमची शाळा फाट्यापासून आत. मधे काळ्या मातीचा रस्ता आणि एक ओढा. कोरडा असला तर त्यातून बैलगाडी जाते, पावसाळ्यात मात्र गुडघाभर ते कंबरभर पाणी, आणि मोठा पाऊस झाला की दोन्ही काठ धरून वाहतो. पाऊस पडला की आमची गाडी फाट्यावर थांबे. देशमुख सर खाली उतरत, ओढ्याच्या दिशेनं बघितल्यासारखं करत आणि तालुक्याला फोन लावत. "रस्ता बंद आहे, साहेब." मग फाट्यावरच्या हॉटेलात भजी, चहा आणि जालना. सगळा पावसाळा असाच जायचा. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, उगाच कशाला खोटं बोलू.

मॅडमना पहिल्याच पावसाळ्यात ते खुपलं. शाळेचा पट घसरत चालला होता. ज्यांना जमलं त्यांनी पोरं फाट्याच्या गावात नातेवाइकांकडे ठेवली होती. आणखी पट पडला तर आमची शाळा फाट्याच्या शाळेत मिसळून टाकणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरांचं एक वेळ निभलं असतं, पण पोरींना ओढा ओलांडून रोज फाट्याला पाठवणारी एकही आई वस्तीवर नव्हती. शाळा गेली की पोरी घरी. मॅडम हे भाषणात सांगत नसत. देशमुख सर फोन लावायला लागले की त्या म्हणायच्या, "सर, रस्ता बंद न्हाई. आपण बंद हैत."

एका सकाळी त्या बूट हातात घेऊन पाण्यात उतरल्याच. कंबरेएवढ्या पाण्यात गेल्यावर पाय सुटला आणि एका बाभळीला धरून उभ्या राहिल्या. हॉटेलवाल्यानं दोरखंड टाकून ओढून काढलं. परतताना साडीतून पाणी निथळत होतं. जालना आल्यावर म्हणाल्या, "जाधव सर, मला जीप घ्यायचीय. तुम्ही संगट या."

"मला गाडीतलं काही कळत नाही, मॅडम."

"मला बी न्हाई. पन गॅरेजवाला बाईशी बोलत न्हाई, गड्याशी बोलतो. तुम्ही नुसते उभे राहा. बोलायचं न्हाई."

म्हणून मी जुन्या जालन्यात हबीबभाईंच्या गॅरेजमध्ये नुसता उभा राहिलो. हबीबभाई म्हणजे मेहंदी लावलेल्या दाढीचा, स्वतःच्या कामावर बेहद्द खूश असलेला माणूस. कुठल्याशा साखर कारखान्याच्या लिलावातून त्यांनी गंजलेली जीप उचलली होती आणि तिच्यावर कैक वर्षं घालवून ती नवी केली होती. हिरवागार रंग, ताडपत्रीचं छत, दारं नाहीत, मागं टांगलेलं जादा चाक. पुढची काच बॉनेटवर आडवी निजवता यायची. ती कशी निजते, हे त्यांनी मला दोनदा करून दाखवलं. मॅडमना एकदाही नाही.

"ही परण्याची गाडी हाय, साहेब," हबीबभाई मला म्हणाले. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात, तो परण्या. त्यासाठी उघडी जीप भाड्यानं लागतेच. "किती तारखेचं लगीन?"

"लगीन न्हाई," मॅडम म्हणाल्या. "रोज शाळेत जायला पाहिजे."

हबीबभाई हसले, तेही माझ्याकडे बघून. "रोज? साहेब, ही शौकाची चीज हाय. रोज वापरायची म्हटलं तर कमर जाईल, खर्चा होईल. मॅडमला छोटी कार घेऊन द्या."

मॅडमनी जीपला एक चक्कर मारली. "माझा बाप अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस तोडायला जायचा," त्या म्हणाल्या. "मी बी फडात असायची, पाचट गोळा करायला. साहेबाची जीप गेली की आम्ही तोंडाला पदर लावायचो. जल्मभर मागून बघितली हिला. आता पुढून कशी दिसती ते बघू द्या."

हबीबभाईंचं हसू गेलं, पण हट्ट गेला नाही. म्हणाले, चिखलात चालवून दाखवा, मग बोलू. आम्ही कुंडलिकेच्या पात्रात गेलो. मॅडम पन्नाशीनंतर गाडी शिकलेल्या, तीही सपाट मैदानावर. पात्रातल्या चिखलात जीप घातली आणि चाकं तिथल्या तिथं फिरू लागली. हबीबभाई काठावर हाताची घडी घालून उभे. मॅडमनी पदर खोचला, खाली उतरून चाकापुढं काठ्याकुट्या घातल्या, पुन्हा चढल्या. तरी जीप हलेना.

"मोठ्या दांड्याशेजारी छोटा दांडा हाय, मॅडम," हबीबभाई शेवटी ओरडले. "तो वढा. चारी चाकं चालतील."

त्या सकाळपासून ते पहिल्यांदा माझ्याशी न बोलता मॅडमशी बोलले होते. जीप गुरगुरत बाहेर आली. मॅडमच्या चष्म्यावर चिखल, कपाळावर चिखल. पुसायचं सोडून त्या तशाच हसत होत्या, आणि मी त्यांना इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं.

हबीबभाईंनी जीप दिली, पण अट घातली. दर इतवारी आणून दाखवायची. लेक सासरी दिल्यासारखा तो माणूस दर रविवारी दारात बसून वाट बघायचा. पुण्याहून मॅडमच्या मुलाचा फोन आला, "आई, लोक हसतील." मॅडम म्हणाल्या, "हसू दे. रडवून तर न्हाई राह्यले न मी कुणाला?"

रडवलं मात्र त्यांनी आम्हाला.

त्या दर पावसाला फाट्यावरून सरळ पुढं जायच्या. हेडमास्तर शाळेत पोचल्यावर सहशिक्षकांनी भजी खात रस्ता बंद आहे म्हणायचं कसं? पहिल्या वेळी देशमुख सर फोन कानाला लावून "रस्ता बं..." एवढंच म्हणाले होते, तेवढ्यात हिरवी जीप आमच्यासमोर येऊन थांबली.

"बसा," मॅडम म्हणाल्या.

सर सवयीनं पुढं गेले. पुढं गयाबाई बसली होती. गयाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. दर आठवड्याला फाट्यावरून तेलामिठाची पिशवी डोक्यावर घेऊन चिखलातून चालत जायची. मॅडमचा जीपपुरता एकच नियम होता, रस्त्यानं पायी चाललेलं माणूस पुढं, बाकीचे मागं. मागं म्हणजे दोन आडव्या फळ्या. त्यावर देशमुख सर, मी आणि कांद्याचं पोतं. ओढ्यात जीप उतरली तेव्हा पाणी आमच्या पायांवरून वाहून गेलं. सरांनी बूट वर उचलून छातीशी धरले.

"वल्लं झालं का सर?" गयाबाईनं मागं वळून विचारलं. "महं तर दर आठवड्याला व्हतं."

वस्तीवर जीप पहिल्यांदा गेली तेव्हा तर गंमतच झाली. जीपचा आवाज म्हणजे लाइटवाल्यांचं पथक, अशी समजूत. घराघरांतून माणसं धावली आणि काठ्यांनी तारेवरचे आकडे काढू लागली. शेतातल्या मोटारी एकदम बंद. मोटार बंद म्हणजे पाणी बंद, आणि पाणी बंद म्हणजे सऱ्यांना दारं धरायला, म्हणजे पाणी वळवायला, बसवलेली पोरं मोकळी. त्या दिवशी कधी न दिसणारी पोरं शाळेत दिसली. मॅडमना कारण कळलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम वस्तीला एक लांबचा वळसा घालून यायला लागल्या. लोकांच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. तोवर पोरांना शाळेची सवय लागली होती.

त्या जीपचे नखरे काही कमी नव्हते. थंडीत ती चालू होत नसे, म्हणून मॅडम कायम उतारावर लावायच्या आणि चाकाला वीट द्यायच्या. तेल गळायचं, म्हणून खाली खिचडीचं एक फुटकं भगुणं ठेवलेलं. साडीला सदा डिझेलचा वास. वर्गात शिरल्या की पोरं आधी वास घ्यायची आणि मग उभी राहायची. पदराच्या गाठीत फुटाणे असायचे. रस्त्यात गुरं आडवी आली तर हॉर्न वाजवायच्या नाहीत, इंजिन बंद करून फुटाणे खात बसायच्या. म्हणायच्या, "त्यांना कुठं इनक्रिमेंट हाय जल्दी करायला." परण्याला जीप मागायला लोक शाळेपर्यंत येत. मॅडम म्हणायच्या, "देते. पन नवरीला चालवायला शिकवीन, मंग देते." एकजण खरंच होणाऱ्या बायकोला घेऊन आला. ती दोन दिवसांत शिकली आणि त्याच्यापेक्षा बरी चालवायला लागली, म्हणून त्यानं तिसऱ्या दिवशी पाठवली नाही.

पट हळूहळू सावरला. फाट्याच्या गावात ठेवलेली दोन-तीन पोरं परत आली. तरी तो हिशेबात कमीच होता, आणि एके दिवशी तालुक्याहून साहेब आले. जीपमध्येच बसून आले, कारण त्यांची गाडी ओढ्यात उतरेना. खुर्चीवर बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, तुमची शाळा फाट्याच्या शाळेत मिसळावी लागेल."

"मधे वढा हाय, साहेब. मधे नदीनाला असल्यावर शाळा हलवता येत न्हाई, तुमचाच नियम हाय."

"आहे ना. पण तुमची जीप तर रोज जाते. मी आत्ता तिच्यातूनच आलो. मग अडथळा कुठं राहिला?" साहेब काही वाईट माणूस नव्हता. आपल्याला युक्ती सुचली याचा त्याला मनापासून आनंद झाला होता. "पोरंसुद्धा जीपनंच फाट्याला आणता येतील. पुन्हा पावसात एकदा येतो, पाहणी करून टाकतो."

शाळा वाचवायला घेतलेली जीपच शाळा बुडवायला निघाली होती. साहेबाला सोडून आल्यावर त्या जीपच्या बॉनेटला टेकून बराच वेळ उभ्या होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "माझा राग आलाय मला, जाधव सर. रस्ता चालूच ठेवायचा, एवढंच धरून बसले."

पुढच्या इतवारी त्यांनी हबीबभाईंनाच वस्तीवर आणलं. शाळेच्या आवारात जीपची चारही चाकं काढली आणि ती विटांवर चढवली. हबीबभाईंच्या डोळ्यांत पाणी. "मॅडम, चांगली चालती गाडी बंद करून राह्यले तुम्ही."

"तुम्ही चाकं घेऊन जा," मॅडम म्हणाल्या. "हितं ठेवली तर मलाच लावावी वाटतील."

हबीबभाई पाचही चाकं ट्रॅक्टरवर घालून जालन्याला घेऊन गेले. मॅडमनी गयाबाईच्या घरी एक खोली घेतली आणि राहायला आल्या. शिक्षकानं शाळेच्या गावी राहावं, हा नियम पाळणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. पावसाळा सुरू झाला, आमची गाडी पुन्हा फाट्यावर थांबू लागली, हॉटेलात भजी पुन्हा तळली जाऊ लागली. पण घशाखाली उतरत नव्हती. पलीकडे एक बाई एकटी सातही वर्ग सांभाळते आहे, हे माहीत असताना भजी कशी उतरणार? देशमुख सर अर्धी बशी तशीच ठेवून उठत.

साहेब ठरल्याप्रमाणे पावसात आले. ओढा दोन्ही काठ धरून वाहत होता. अलीकडच्या काठावर छत्री धरून साहेब, मागं देशमुख सर आणि मी. पलीकडे डोक्यावर पोत्यांच्या खोळी घेतलेली पोरं ओळीनं उभी. पुढं वाहुळे मॅडम.

"मॅडम, जीप आणा," साहेबांनी तोंडाशी हात धरून हाक दिली.

"रस्ता बंद हाय, साहेब," पलीकडून आवाज आला.

ते वाक्य देशमुख सरांचं होतं. वर्षानुवर्षं सरांनी ते वापरून गुळगुळीत केलं होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या कोरड्या बुटांकडे पाहिलं.

"जीपला काय झालं?"

"चाकं न्हाईत."

"मग पाहणी कशी करू?"

"तिथूनच करा. मी हजेरी घेते."

आणि त्यांनी घेतली. पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून एकेक नाव, आणि एकेक पोर घसा फोडून "हजर मॅडम". पोरी सगळ्यात जोरात ओरडत होत्या. त्यांना काय चाललंय ते पक्कं कळलेलं होतं. साहेब छत्रीखाली ऐकत उभे राहिले. शेवटचं नाव झाल्यावर त्यांनी ओढ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अडथळा आहे खरा. असं कसं लेकरांना रोज आणायचं." शाळा राहिली.

साहेबांची गाडी गेली. मी आमच्या गाडीकडे वळलो तर देशमुख सर हलले नाहीत. एका दगडावर बसून राहिले. दुपारी पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा सरांनी बूट काढून हातात घेतले, पँट वर दुमडली आणि ओढ्यात उतरले. मी एकटा काठावर काय करणार, मीही उतरलो. पलीकडे मॅडमनी आम्हाला पाहिलं आणि गयाबाईला एवढंच म्हणाल्या, "दोन ताटं वाढवा." त्यानंतर आमची गाडी फाट्यावर थांबायची, पण आम्ही थांबत नव्हतो. पाणी फारच असलं तर उतरायची वाट बघायचो.

मॅडम पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर निवृत्त झाल्या. शाल-नारळ नको म्हणाल्या. त्याआधीच्या इतवारी ओढा उतरलेला पाहून हबीबभाई चाकं घेऊन आले होते. जीप विटांवरून उतरवली, तेव्हा ती पहिल्याच झटक्यात चालू झाली. हबीबभाईंनी ते आम्हा सगळ्यांना तीनतीनदा सांगितलं.

शेवटच्या दिवशी दुपारच्या सुट्टीतच मॅडमनी चार्ज दिला. सही केली, पेन देशमुख सरांच्या खिशाला लावला. "आता मी कुणाची हेडमास्तर न्हाई," म्हणाल्या. "मंग जीप कुठं बी जाईल. कुणाला काय करायचं?"

सकाळच्या पावसानं ओढ्याला चांगलं पाणी आलं होतं. सगळी शाळा काठावर जमली. गयाबाई फाट्यापर्यंत सोडायला पुढं बसली. मॅडमनी इंजिन चालू केलं तेव्हा देशमुख सर पुढं झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जय भीम, मॅडम."

मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "हं हं," म्हणाल्या.

आधी सरच हसले, मग सगळे. मॅडम हसता हसता डोळे पुसत होत्या, आणि ते डिझेलच्या धुरामुळे नव्हतं. मग त्यांनी छोटा दांडा ओढला आणि जीप पाण्यात घातली.

ती मधोमध असताना सरांचा फोन वाजला. तालुक्याहून होता. चार्जचे कागद घेऊन उद्या या म्हणत होते, आणि रस्ता कसा आहे, असं विचारत होते. दोन्ही बाजूंनी पाणी कापत हिरवी जीप पलीकडच्या काठाला लागत होती. सर तिच्याकडेच बघत होते.

"बंद आहे, साहेब," सर म्हणाले. "बिलकुल बंद आहे."

पलीकडच्या चढावर जीप थांबली. एक म्हातारी शेळी घेऊन फाट्याकडे पायी चालली होती. गयाबाई उतरून मागच्या फळीवर गेली, म्हातारी शेळीसकट पुढं बसली. मॅडमनी मागं वळून पाहिलं नाही. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. वडीगोद्रीला भावाकडे राहतात आणि जीपनंच सगळीकडे हिंडतात, असं हबीबभाई सांगतात. इतवारी तिथून येतात म्हणे.

जीप दिसेनाशी झाली तशी पोरं दप्तरं आणायला पळाली. मीही सवयीनं पिशवी उचलली. देशमुख सरांनी घड्याळ पाहिलं.

"कुठं निघाले सगळे?" ते म्हणाले. "घंटा कुठं झालीय अजून?"

मी पिशवी खाली ठेवली आणि पोरांच्या मागं वर्गात गेलो.